सिंह, हत्ती आणि मांडलिकाचं नाणं

नागपूरहून बल्लारशाकडे निघालेली गाडी वरोरा सोडते, मग माजरी जंक्शन येतं आणि त्यापुढे भांदक. माजरी म्हणजे कोळसा. वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) खुल्या खाणी, मातीचे डोंगर, वर्धेच्या खोऱ्यात रात्रंदिवस फिरणारे डंपर. जिथं एवढी माती उपसली जाते तिथं अफवाही उपसल्या जाणारच. अमक्या शेतात सोन्याच्या मोहरांचा हंडा लागला, तमक्याच्या विहिरीत गोंड राजाचं नाणं निघालं, भांदकच्या टेकडीवर कुणी तरी रात्री खणून गेलं. चंद्रपूर–गडचिरोलीच्या टापूत जुन्या नाण्यांविषयी ऐकलेल्या गोष्टी भरपूर आणि वाचलेल्या थोड्या, असा मामला आहे. त्यातल्या ज्या गोष्टी पुन्हापुन्हा कानावर येतात, त्या एकदा तपासून घेऊ.

गैरसमज : ज्याचं नाणं तोच खरा राजा. ज्यानं नाणं पाडलं नाही तो कुणाचा तरी चाकर.

हा सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत चिवट समज. शाळेच्या पुस्तकातून तो पक्का होतो, कारण तिथं राज्याभिषेक आणि नाणं यांची जोडगोळी कायम असते. शिवाजी महाराजांनी होन आणि शिवराई पाडली, ती स्वतंत्र राज्याची घोषणा होती. हे खरंच आहे. पण एका ठिकाणी खरं ठरलेलं सूत्र सगळ्या शतकांना लावलं की घोटाळा होतो.

माजरीच्या पुढच्याच स्टेशनापासून सुरुवात करू. भांदकला राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे ताम्रपट मिळाले. शके ६९४, म्हणजे इसवी सन ७७२. वेरूळचं कैलास लेणं ज्याच्या नावावर आहे तोच हा राजा. त्यानं एका सूर्यमंदिराला गाव दान दिलं, त्याची ही नोंद. दक्षिणेत त्याच्या घराण्याइतकं बलाढ्य दुसरं कुणी नव्हतं, आणि पुढे याच घराण्याची गणना अरब प्रवाशांनी जगातल्या मोठ्या राजांत केली. आता या सम्राटांची नाणी कुठं आहेत? राष्ट्रकूट सम्राटांची म्हणून निर्विवाद मानली जाणारी नाणेमालिकाच नाही. त्यांच्या लेखांत द्रम्म येतात, सुवर्ण येतात, व्यवहार नाण्यांत चाललेला दिसतो. पण बादशाही थाटाचं, राजाचं नाव मिरवणारं नाणं काढण्याची गरज त्यांना वाटलेली दिसत नाही.

आता याच्या बरोबर उलटी बाजू, तीही आपल्याच शेजारची. छत्तीसगडातल्या रतनपूरला कलचुरी घराण्याची एक धाकटी पाती राज्य करत होती. थोरली पाती जबलपूरजवळच्या त्रिपुरीला. रतनपूरवाले त्यांचे मांडलिक. अमोद्याच्या ताम्रपटात, इसवी सन १०७९ मध्ये, पहिला पृथ्वीदेव स्वतःला महामंडलेश्वर म्हणवतो आणि ‘पंचमहाशब्द’ मिळाल्याचं सांगतो. पाच वाद्यं वाजवत जाण्याचा हा मान वरच्या राजानं खालच्याला द्यायचा असतो. म्हणजे कागदोपत्री तरी हा सरदार. त्याचा मुलगा पहिला जाजल्लदेव. रतनपूरच्या शिलालेखात, कलचुरी संवत ८६६ म्हणजे इसवी सन १११४ मध्ये, तो आपल्याला दरसाल खंडणी देणाऱ्या मंडलांची यादी देतो. त्या यादीत लांजिका आहे, ती बालाघाटातली लांजी. भाणार आहे, तो भंडारा. आणि वैरागर आहे : आरमोरी तालुक्यातलं आपलं वैरागड.

या जाजल्लदेवानं सोन्याचं नाणं पाडलं. त्याच्यामागून दुसऱ्या रत्नदेवानं आणि दुसऱ्या पृथ्वीदेवानंही पाडलं, पुढे प्रतापमल्लानं तांब्याची नाणी काढली. मांडलिकाच्या घरात जन्मलेला माणूस सोन्यावर नाव कोरतो, आणि वेरूळचा डोंगर कोरणारा सम्राट कोरत नाही. एवढं पाहिल्यावर ‘नाणं म्हणजे सार्वभौमत्व’ हे समीकरण गुंडाळून ठेवायला हरकत नसावी. लहान सत्ताधीश नाणं का काढतो, याचं उत्तर बहुधा दरबारात मिळत नाही, बाजारात मिळतं. ज्याच्या हद्दीतून माल जातो, ज्याच्याकडे जकात जमते, ज्याला सैनिकांना आणि व्यापाऱ्यांना रोख मोजावी लागते, त्याला धातू हातात ठेवावा लागतो. गोव्याचे कदंब कल्याणीच्या चालुक्यांचे मांडलिक. पण त्यांच्या ताब्यात बंदर होतं. म्हणून त्यांची सोन्याची गद्याणं निघाली : एका अंगाला सिंह, दुसऱ्या अंगाला सप्तकोटीश्वराच्या कृपेनं वर मिळाल्याचा लेख. उत्तर कोकणच्या शिलाहारांतल्या छित्तराजानंही चांदीच्या छोट्या नाण्यावर आपलं नाव घातलं. ठाणे आणि सोपारा त्याच्या राज्यात होती, हे विसरायचं नाही.

गैरसमज : हत्तीवर झेपावणारा सिंह असला की नाणं गोंड राजाचं.

हा समज खास चंद्रपूरचा, आणि तो का झाला हे समजण्यासारखं आहे. चंद्रपूरच्या परकोटाच्या वेशींवर दगडात हत्तीला नमवणारा सिंह कोरलेला आहे. जटपुरा गेटखालून रोज जाणाऱ्याच्या डोळ्यांत ते चित्र बसलेलं असतं. चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, गोंड घराण्याचं ते राजचिन्ह म्हणून लोक अभिमानानं सांगतात. मग कुठं तरी सिंह-हत्तीचं नाणं दिसलं की शिक्कामोर्तब लगेच होतं.

वस्तुस्थिती अशी की हे गजशार्दूलाचं चिन्ह मध्य भारतात आणि दख्खनेत पुष्कळ जुनं आहे, आणि ज्या नाण्यांवर ते ठळकपणे येतं ती नाणी रतनपूरच्या कलचुरींची. जाजल्लदेवाचं सोन्याचं नाणं हातात घेतलं तर काय दिसतं? वजन चार ग्रॅमच्या आतबाहेर, आकार करंगळीच्या नखाहून थोडा मोठा. एका बाजूला ठिपक्यांच्या कड्यात दोन ओळींत नागरी अक्षरं, जाडजूड, एकमेकांना खेटून : श्रीमज्जाजल्लदेव. जोडाक्षर एवढं दाटलेलं की आपल्या आजच्या सवयीनं ते पहिल्या फटक्यात वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूला सिंह आणि हत्ती, पण ओळखीचे नाहीत. कारागिरानं त्यांचं रेषांत रूपांतर करून टाकलंय. मोठ्या वळणाची एक रेघ म्हणजे सिंहाची पाठ, खालचा गोळा म्हणजे हत्ती. कुठला पाय कुणाचा, हे कळायला नाणं चार वेळा फिरवून पाहावं लागतं. परकोटावरचा सिंह डौलदार आहे. हा सिंह घाईत ठोकलेला आहे.

दोन्हींमध्ये काळाचं अंतर किती? जाजल्लदेव बाराव्या शतकाच्या सुरुवातीचा. चांद्याचा परकोट खांडक्या बल्लाळशाहच्या नावाशी जोडला जातो आणि तो पंधराव्या शतकाच्या अलीकडचा. मध्ये किमान साडेतीनशे वर्षं. चिन्ह तेच असलं तरी घराणं दुसरं, राजधानी दुसरी, लिपीचं वळण दुसरं. नाण्यावर चित्र आधी पाहायचं नसतं, आधी अक्षर शोधायचं. संग्राहक लोक हे पहिल्या दिवशी शिकतात. व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवणारे मात्र कधीच शिकत नाहीत.

गैरसमज : गोंड राजांनी नाणी पाडलीच नाहीत. किंवा याच्या उलट, सगळ्याच गोंड राजांच्या टांकसाळी होत्या.

दोन्ही बाजूंनी छाती ठोकून बोलणारे भेटतात. पहिल्या पक्षाचं म्हणणं असं की जंगलातल्या राज्याला नाणं काय करायचं? दुसऱ्या पक्षाला प्रत्येक राजाच्या नावावर सोन्याची मोहर हवी असते. खरी स्थिती गोंडवनातल्या घराण्यागणिक वेगळी आहे.

गढा-मंडल्याचा संग्रामशाह याची नाणी आहेत. त्यांवर तो स्वतःला पुलस्त्य वंशाचा म्हणवतो आणि संवत १६०० घालतो, म्हणजे इसवी सन १५४३ च्या आसपासचा काळ. पुलस्त्य म्हणजे रावणाचा आजोबा. उत्तरेतले राजे सूर्य-चंद्राशी नातं जोडायला धडपडत होते तेव्हा हा राजा सरळ पुलस्त्याचं नाव धातूवर ठोकतो. यातला ताठा मला भारी आवडतो. गोंड समाजात आज रावणाविषयी जी आपुलकी दिसते, तिच्या चर्चेत या नाण्याचा उल्लेख व्हायला हवा तेवढा होत नाही.

देवगडचा जाटबा अकबराच्या काळातला. अबुल फजलच्या ‘ऐन-ए-अकबरी’त त्याचं नाव येतं. तो मुघलांना मानणारा जमीनदार, तरी त्याची तांब्याची नाणी छिंदवाड्याच्या बाजूला मिळत राहिली आणि ब्रिटिश गॅझेटियरनंही त्यांची नोंद घेतली. मांडलिकाला तांबं चालतं, चांदी-सोनं चालत नाही, असा अलिखित संकेत इथं दिसतो. बादशहाचा हक्क रुपयावर. खेड्याच्या बाजारात मीठ-मिरचीला लागणाऱ्या सुट्या पैशावर त्याचं फारसं लक्ष नसे.

आणि चांदा? गढा आणि देवगड या दोन घराण्यांइतका ठाशीव नाण्यांचा पुरावा चांद्याकडे नाही. हे ऐकून चंद्रपूरकर खट्टू होतात, पण त्यात कमीपणा काहीच नाही. ‘ऐन’मध्ये चांद्याच्या बाबाजीकडे एक हजार घोडेस्वार आणि चाळीस हजार पायदळ असल्याचं लिहिलं आहे. आकडा फुगवलेला असेल. तरी देशातल्या मोठ्या जमीनदारांत त्याची गणना होती हे उघड आहे. त्याच नोंदीत वैरागडची हिऱ्यांची खाण येते, तिथं विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या कापडाचा उल्लेख येतो, आणि ते ठाणं त्यानं दुसऱ्या एका सरदाराकडून नुकतंच हिसकावलं, हेही येतं. या वैरागडचं जाजल्लदेवाच्या वेळी काय होतं ते आठवा : खंडणी देणारं मंडल. पाचशे वर्षांत मालक बदलत गेले, खाण तीच.

इथंच खरं उत्तर दडलंय. ज्या राज्याची संपत्ती हिरे, हत्ती, लाख, मोह, इमारती लाकूड आणि कापड या रूपात आहे, त्याला खंडणी मालात देता येते आणि ती घेणाऱ्यालाही माल हवाच असतो. १६६७ मध्ये औरंगजेबाचा सरदार दिलेरखान चांद्यावर चालून आला तेव्हा राजानं जबर रक्कम कबूल करून संकट टाळलं. अशा राजाला रोकड लागली तर ती मुघल रुपयांतच लागणार, कारण घेणारा मुघल. स्वतःचं चांदीचं नाणं पाडून त्याला देण्यात अर्थ नव्हता. शिवाय ते पाडणं हीच आगळीक ठरली असती.

गैरसमज : नाणी नव्हती म्हणजे व्यापार नव्हता, नुसती अदलाबदल.

हे बोलणारा माणूस बाजारातल्या कवडीला विसरतो. १८६२ मध्ये सिरोंच्याचा डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यानं बस्तरवर अहवाल लिहिला. सिरोंचा आज गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे आणि नदीपलीकडे तेव्हाचं बस्तर. त्या मुलखात हिशोब असा चाले : वीस कवड्यांची एक बोरी, बारा बोऱ्यांची एक दुगाणी, बारा दुगाण्यांचा एक नागपुरी रुपया. गुणाकार केला तर रुपयाला २८८० कवड्या होतात.

ही आदिम अदलाबदल नव्हे. वीसचा आणि बाराचा गट आहे, दर ठरलेला आहे, आणि तो थेट नागपूरच्या चांदीशी जोडलेला आहे. कवडी या जंगलात तयार होत नाही. ती मालदीवच्या समुद्रातून ओडिशामार्गे आली. आठवडी बाजारातल्या बाईला मूठभर चारोळीच्या बदल्यात जी कवडी मिळाली ती हिंदी महासागराच्या व्यापारातून फिरत आलेली. अहेरी, धानोरा, मुरूमगाव, कोटगल या जमीनदाऱ्यांनी आपल्या नावाची नाणी न पाडता शतकं काढली ती याच जोरावर.

गैरसमज : नाण्यावर ज्याचं नाव, त्याचं राज्य.

भोसल्यांनी हा समज एकट्यानं मोडीत काढावा. १७५१ च्या सुमारास रघूजी भोसल्यांनी नीळकंठशाहाला बाजूला करून चांदा घेतलं. त्यानंतर नागपूर राज्य १८५४ मध्ये खालसा होईपर्यंत इथं सत्ता भोसल्यांची. पण त्यांच्या चांदीच्या रुपयावर त्यांचं नाव शोधू नका. तिथं फारशीत मुघल बादशहाचं नाव. दिल्लीत तो बादशहा कधीच मेला किंवा आंधळा करून गादीवरून उतरवला गेला तरी नागपूरचा ठसा त्याचंच नाव घेत राहिला. लोकांचा विश्वास जुन्या रुपयाच्या रूपावर असतो. रूप बदललं की सराफ बट्टा वाढवतो, म्हणून हुशार टांकसाळवाला रूप बदलत नाही.

त्यातून आणखी एक गंमत. ठसा मोठा आणि धातूची चकती लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं नाण्याबाहेरच पडत. हाती येतो तो लेखाचा मधला तुकडा. असं नाणं पाहून कुणी म्हणतं, ‘ही कुठली तरी अज्ञात लिपी आहे, गोंडी असावी.’ गोंडी लिपी खोटी नाही. आदिलाबादजवळच्या गुंजाळा गावात तिची हस्तलिखितं मिळाली आहेत; मंगलसिंह मसराम यांनी घडवलेली दुसरी लिपी १९१८ ची. पण न वाचता येणारं प्रत्येक नाणं गोंडी होत नाही. बहुतेक वेळा ती कापली गेलेली फारशी निघते, नाही तर झिजलेली नागरी. वर सराफांनी पारख करताना मारलेले टोचे असतात, त्यांनाही लोक अक्षरं समजतात.

टांकसाळ म्हटली की आपल्याला किल्ल्यातली सरकारी इमारत दिसते. मराठेशाहीत तसं क्वचितच असे. १७४४ मध्ये नागोठणे आणि रेवदंडा इथं तांब्याची नाणी पाडायचे परवाने खाजगी माणसांना मुदतीनं दिल्याची नोंद न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळींवरच्या लेखात दिली आहे. सरकारला ठरलेला पैसा भरायचा, तांब्याचं वजन सांभाळायचं, बाकी भट्टी, कारागीर, नफा-तोटा परवानेवाल्याचा. टांकसाळ हा मक्ता होता. छोट्या सरदारांना आणि जहागीरदारांना ती हवी असायची ती मानासाठी थोडी आणि मक्त्याच्या उत्पन्नासाठी जास्त.

जाता जाता : चांदवडी रुपया चांद्याचा नव्हे. तो नाशिककडच्या चांदवडचा, होळकरांच्या टांकसाळीतला. नावाच्या साम्यावर जाऊन तो चंद्रपूरच्या खात्यात मांडू नये.

गैरसमज : जिथं नाणं सापडलं, तिथं त्या राजाचं राज्य होतं.

सोनसरीच्या साठ्याकडे पाहा. (आपल्या कुरखेड्याकडची सोनसरी नव्हे, ही बिलासपूरकडची.) १९२१ मध्ये तिथं सोन्याची सहाशे नाणी एकत्र निघाली. त्यांत जाजल्लदेवाची ३६, रत्नदेवाची ९६, पृथ्वीदेवाची ४५९. उरलेली नऊ नाणी कनौजच्या गोविंदचंद्र गाहडवालाची. म्हणून गोविंदचंद्र बिलासपूरला राज्य करत होता का? मुळीच नाही. सोनं चालत येतं. व्यापाऱ्याच्या कमरेच्या कसेतून येतं, यात्रेकरूच्या गाठोड्यातून येतं, हुंड्यात येतं, लुटीतही येतं. एका साठ्यातल्या नाण्यांचं एकमेकांशी प्रमाण काय, हा महत्त्वाचा पुरावा असतो. सहाशेतली नऊ ही पाहुणी, ४५९ ही घरची.

चांदा जिल्ह्यातही एकोणिसाव्या शतकात सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला होता. तांबं, कथील, शिसं यांच्या मिश्रधातूची १८३ नाणी. तिथं एकाहून अधिक सातवाहन राजांची नाणी एकत्र आल्यामुळे कोण आधी, कोण नंतर, हे लावायला मदत झाली. हीच नाणी सुटी होऊन चार दुकानांत विकली गेली असती तर त्यांतून काही कळलं नसतं. एक नाणं किमतीचं असतं, साठा माहितीचा असतो.

गैरसमज : गधैया नाण्यावर गाढव असतं.

नसतं. इराणच्या सासानी राजांच्या चांदीच्या नाण्यांवर एका बाजूला राजाचा मुखवटा आणि दुसऱ्या बाजूला अग्निकुंड असे. पाचव्या शतकातल्या पेरोझ राजाची अशी नाणी हूणांबरोबर भारतात आली. त्यांच्या नकला झाल्या, नकलांच्या नकला झाल्या, आणि पाच-सहाशे वर्षांत चेहऱ्याचं ठिपक्या-रेघांचं गाठोडं उरलं. कुणाला त्यात गाढव दिसलं. बहुतेक गधैयांवर राजाचं नावच नसतं, म्हणून एखादा ‘हे आमच्या गावच्या सरदाराचं’ म्हणू लागला तर त्याला खोडूनही काढता येत नाही आणि ते मान्यही करता येत नाही. नाव घातलेला छित्तराज हा अपवाद, म्हणूनच तो मोलाचा.

गैरसमज : हनुमानाचं तांब्याचं नाणं रामायणकाळातलं, ते तांदूळ ओढतं आणि त्याची किंमत कोटीत.

इथं मात्र समज गमतीचा राहत नाही, खिसा रिकामा करतो.

हनुमानाची जुनी तांब्याची नाणी खरोखर आहेत. रतनपूरच्या कलचुरींनी काढली, बुंदेलखंडातल्या चंदेल राजांनी काढली. अकराव्या-बाराव्या शतकातली, ओबडधोबड, झिजलेली. पण बाजारात ‘राम दरबार’ म्हणून जी चकचकीत तुकडी फिरते ती ही नव्हे. एका प्रकारच्या तुकड्या म्हणजे रामटंका : देवळांशी संबंधित, पूजेत ठेवण्यासाठी केलेले शिक्के. ते चलन कधीच नव्हतं, आणि त्यांवर घातलेले जुने शक-संवत बऱ्याचदा हौसेचे. दुसऱ्या प्रकारच्या तुकड्यांवर इंग्रजीत ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, ‘एक आणा’, १८१८ हे साल आणि मागे राम-सीता किंवा हनुमान. हे निव्वळ बनावट. कंपनीनं तांब्याचा एक आणा काढलाच नाही. १८३५ च्या एकसारख्या चलनात तांब्याचे अर्धा आणा, पाव आणा आणि एक पै होते. आण्याचं नाणं आलं ते सातव्या एडवर्डच्या राज्यात, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, तेही कॉपर-निकेलचं. कंपनीला हनुमानाचा भक्त ठरवणारा माणूस एक तर भाबडा असतो, नाही तर विकणारा.

‘राईस पुलर’ हा त्याचा पुढचा टप्पा. नाण्याजवळ तांदूळ ठेवले की ते सरकतात, कारण त्यात इरिडियम आहे, वीज पडली आहे, अंतराळ संशोधनवाले ते कोट्यवधींना घेणार आहेत. त्याआधी तपासणीची फी, साहेबांचा प्रवास, विशेष पोशाखाचं भाडं तुम्ही भरायचं. तांबं चुंबकाकडे ओढलं जात नाही आणि ते स्वतः चुंबक नाही. तांदळाला बारीक लोहचूर्ण चिकटवलेलं असतं आणि चुंबक कुठं तरी लपवलेला असतो. महाराष्ट्रात अशा टोळ्या पुनःपुन्हा पकडल्या गेल्या आहेत. तरी नवं गिऱ्हाईक मिळतंच, आणि ते बहुधा शिकलेलं असतं.

गुप्तधनासाठी बळी देण्यापर्यंत जाणारे अघोरी प्रकार हा याचाच सगळ्यांत काळा भाग. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं तो गुन्हा ठरवला आहे.

गैरसमज : जितकं जुनं तितकं महाग, आणि घासून लख्ख केलं की आणखी महाग.

दोन हजार वर्षांपूर्वीचं सातवाहनांचं साधं पोटीन नाणं काही शे रुपयांत मिळतं, कारण ती अमाप पाडली गेली. शंभर वर्षांपूर्वीचं एखादं दुर्मीळ नाणं त्याच्या कैक पट महाग असतं. किंमत ठरते ती किती उरली आहेत, अक्षरं किती दिसतात, आणि कुणाला हवी आहेत यावर. चिंच, लिंबू, राख यांनी घासलेल्या नाण्यावरचा काळसर-हिरवट थर जातो आणि त्याबरोबर निम्मी किंमतही जाते. तो थर म्हणजे घाण नव्हे. कित्येकदा त्याच्या आधारेच जाणकार नाणं खरं की खोटं हे ठरवतात.

गैरसमज : आपल्या जमिनीत सापडलं म्हणजे आपलं. किंवा, सरकारला सांगितलं की सगळं जप्त.

१८७८ चा निखात निधीचा कायदा आजही लागू आहे. जमिनीत दडवलेलं, दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही मिळालं तर सापडवणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. काय मिळालं, कुठं मिळालं, कधी मिळालं, एवढं त्यात हवं. जुन्या मालकाचा वारस पुढे आला नाही आणि निधी बेवारस ठरला, तर कायद्यानुसार तीन हिस्से सापडवणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला. सरकारला तो संग्रहालयासाठी हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त मोजून ते घेऊ शकतं. न कळवता दडवलं तर मात्र हिस्सा जातो आणि शिक्षाही होते. खाणीच्या किंवा रस्त्याच्या कामावर मजुराला काही लागलं तरी ‘सापडवणारा’ तोच असतो, ठेकेदार नव्हे. हे मजुरांना कुणी सांगत नाही म्हणून इथं सांगितलं.

कळवण्याआधी करायच्या गोष्टी थोड्या आहेत. नाणी धुवायची नाहीत. ज्या मडक्यात निघाली ते मडकं, फुटकं असलं तरी, टाकायचं नाही. त्याच्या घडणीवरून काळ कळतो. सगळी एकत्र ठेवायची, भावकीत वाटायची नाहीत. मोबाईलनं दोन्ही बाजूंचा फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवायची आणि सोनाराकडे ग्रॅममध्ये वजन करून घ्यायचं, तोळ्यात नको. वाचून घ्यायचं तर नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, १८६३ पासूनचं, लोक त्याला अजब बंगला म्हणतात. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे. फोटो पाठवताना सोबत गावाचं आणि शिवाराचं नाव लिहायचं. ‘माजरी परिसर’ एवढं पुरत नाही. नाल्याच्या कुठल्या अंगाला, किती खोल, सोबत विटा-खापरं होती की नाही, हे लिहिलं तर वाचणाऱ्याला काही सांगता येईल.